मदत हवी आहे : घाबरणाऱ्या मुलीसाठी उबदार कॉमिक / ग्राफिक नॉव्हेल सुचवा (वय 8, बेळगाव)

टिळकवाडीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमची लेक तिसरीत आहे. दुसरीपर्यंत खानापूरकडं सासूबाईंजवळ राहून मराठी शाळेत जायची, यंदा ह्यांच्या ड्यूटीमुळं आम्ही सगळेच बेळगावात आलो आणि तिला इंग्लिश मीडियमला घातली. अभ्यासाचं तसं काही नाही, गणितात तर हुशारच आहे, पण कन्नडच्या तासाला एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावतात आणि तिथं गाडं अडलंय. गावच्या शाळेतही कन्नड होतंच की, पण तिथं सगळेच अडखळायचे त्यामुळं कुणी कुणाला हसायचं नाही. इथं जूनमध्ये एकदा ही ओत्तक्षरावर अडकली (कन्नड न येणाऱ्यांसाठी, जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकवतात ते), मागून कोणतरी फिस्सकन हसलं, झालं. तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतंय.

नाटक म्हणू नका, मी हात धरून बघितलेत, बर्फासारखे गार असतात. खाली रिक्षावाले मामा हॉर्न मारतात आणि ही बाथरूमात कडी लावून. डबा परत येतो त्यात चपातीचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला. टायचं टोक चावून चावून त्याचे दोरे निघालेत. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, पोटात काही नाही म्हणाले. रात्री दिवा घालवला की प्रश्न ठरलेला, आई उद्या कन्नड आहे काय गं? मंगळवारी तो तास नसतो, त्यामुळं आठवड्यात एक सोमवारची रात्र तेवढी शांत झोपते.

आता पुस्तकाचं. तिला चित्रांची पुस्तकं भयंकर आवडतात, माझ्या भावाच्या ट्रंकेतल्या जुन्या अमर चित्र कथा पार पानं सुटेपर्यंत वाचल्यात. परवा त्यातलीच एक वाचता वाचता मला विचारते, आई, ह्यातलं कुणीच घाबरत नाही काय? मी भाजी चिरत होते, हातातली सुरी तशीच राहिली. खरंच की, सगळे राजे, सगळे तलवारी घेऊन.

तर मला असं कॉमिक हवंय ज्यातलं पोर घाबरतं. शेवटच्या पानावर भीती फुर्र उडून गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असलं नको, तिला ते खोटं वाटतं (मलाही). भुतंखेतं नकोत. घरात चहा उकळतोय, बाहेर पाऊस पडतोय, एखादं मांजर आहे, अशा घरातली गोष्ट असली तर उत्तम. मराठीत मिळालं तर सोन्याहून पिवळं, मी शोधलं तर मला काही सापडलं नाही, इंग्लिश असलं तरी चालेल, मी शेजारी बसून सांगेन. एका पुस्तकाला पाचशेच्या वर जाऊ शकत नाही.

निपाणीकर_वाचक

ताई, तुमचा धागा वाचून एकच नाव आठवलं, रेना टेलगेमायर ह्या अमेरिकन बाईंचं 'गट्स', 2019 चं. त्यांच्या स्वतःच्या लहानपणाची गोष्ट आहे, चौथीपाचवीतली मुलगी, शाळेचं टेन्शन, मैत्रिणींची भांडणं आणि सारखं पोट दुखणं. पुढं ती थेरपिस्टकडे जायला लागते. नावातच गंमत आहे बघा, इंग्लिशमध्ये गट्स म्हणजे आतडीपण आणि धाडसपण. आपल्यात पोटात गोळा येतो म्हणतात ते काय वेगळं आहे? भीती पोटातच राहते हे आपल्या आज्ज्यांना माहीतच होतं.

पण आधीच सांगतो, त्यातल्या मुलीला उलटीची जबर भीती असते आणि पुस्तक सुरूच पोट बिघडण्यापासून होतं. तुमची आठ वर्षांची आहे, आधी तुम्ही एकट्यानं वाचा मग ठरवा.

टिळकवाडीची_आई

दादा थँक्यू. उलटीचं सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर हिनं तेवढंच उचललं असतं! आधी मीच वाचते.

जुना_बेळगावकर

रागावू नका, पण आमच्या वेळी असलं काय नव्हतं. मास्तर छडी घेऊन उभे असायचे, आम्ही वाचायचो.

टिळकवाडीची_आई

काका, रागावत नाही. पण त्या छडीला घाबरून शाळाच सोडलेला एक तरी तुमच्या वर्गात असेल की ओ.

जुना_बेळगावकर

होता. आमचा चुलत भाऊच. बरं, ते जाऊ दे. पोरीला एकदा गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा, 1848 पासूनचं आहे, लहान मुलांचं काय काय आहे ते विचारा. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक, 1971 पासूनचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत. कॉमिक नव्हे, पण चित्रं झकास. आमचा नातू बघत बसतो.

गोगलगाय

मला 'आउली' सुचवायचंय, अँडी रंटन यांचं. छोटं घुबड आहे, स्वभावानं एकदम गरीब, पण घुबड म्हणून बाकीचे पक्षी त्याला बिचकतात, मग एक अळी त्याची दोस्त होते. जुन्या काळ्यापांढऱ्या आवृत्तीत जवळजवळ शब्दच नाहीत, बोलण्याच्या फुग्यांत पण चित्रंच! म्हणजे मोठ्यानं वाचायची भानगड नाही, चूक होण्याचा प्रश्न नाही. नंतरच्या रंगीत आवृत्तीत शब्द घातलेत, तेव्हा घेताना बघून घ्या.

'हिल्डा' पण सगळे सुचवतील. निळ्या केसांची मुलगी, डोंगरातलं घर, आई, चहा, सगळं तुमच्या मापाचं आहे आणि माझं स्वतःचं लाडकं आहे. पण हिल्डा मुळातच धीट, ट्रोल (राक्षस) दिसला की ही वही घेऊन त्याचं चित्र काढायला बसते. तुमची लेक परत विचारेल, ही कुठं घाबरते? ते जरा सहा महिन्यांनी द्या.

आणि मराठीत उबदार म्हणाल तर माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' (ज्योत्स्ना प्रकाशन). तुमच्या मुलीला वयानं लहान पडेल, भीतीचं त्यात काही नाही, तरी सांगते. आमच्याकडे आजारी पडलं की तेच काढतात.

चिकोडीचे_मास्तर

मी कन्नड मराठी दोन्ही शिकवतो म्हणून चार शब्द. समुपदेशक नाही, अनुभवाचं बोलतोय.

पुस्तकं द्याच, पण तुमच्या लेकीची भीती 'शाळा' अशी नाही, एकाच जागेची आहे, उभं राहून अनोळखी मजकूर वाचणं. मग त्यातलं 'अनोळखी' तेवढं काढून टाकलं तर? प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे नेटवर, फुकट. त्यात तीच चित्रगोष्ट मराठीतही असते आणि कन्नडातही, चित्रं तीच, पानं तीच. सगळ्या गोष्टी दोन्हीत नाहीत, शोधावं लागतं, पण भरपूर आहेत. पहिल्या पातळीची घ्या, पानावर एखादंच वाक्य असतं. आधी चार दिवस मराठीतली वाचू दे, पाठ होऊ दे. मग तीच कन्नडातली. गोष्ट आधीच ठाऊक असल्यावर ओत्तक्षर आलं तरी पुढचा शब्द चित्रच सांगतं. डाउनलोड करून प्रिंट काढता येते, झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही शेजारीशेजारी स्टेपल करून घ्या.

वाचायचं कुणासमोर हे पण हळूहळू. पहिल्यांदा बाहुलीसमोर, मग तुमच्यासमोर (तुम्हाला कन्नड कमी येत असेल तर अजून छान, तिला तुमची चूक काढू दे), मग घरच्या बाहेरचा एखादा प्रेमळ माणूस. कन्नडच्या तासाला सुट्टी मात्र देऊ नका. तास चुकला की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. त्यापेक्षा टीचरना भेटून सांगा की महिनाभर हिला जागेवर बसूनच एकच ओळ वाचू द्या, आणि कुठली ओळ ते आदल्या दिवशी कळवा. बहुतेक टीचर ऐकतात.

एवढं करून पोट दुखायचं थांबलं नाही, खाणं सुटलं, तर टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, कन्नडात आणि मराठीतही बोलता येतं. समोरासमोर दाखवायचं तर धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. लाजायचं कारण नाही.

टिळकवाडीची_आई

सर, तुमचं उत्तर ह्यांना पण वाचून दाखवलं. उद्याच झेरॉक्स, मग काय झालं ते सांगते.

टिळकवाडीची_आई

तीन आठवडे झाले, सांगते म्हटलं होतं.

आउली आलं, रंगीतवालं मिळालं. अळीला पोहता येत नाही ते बघून पोरगी म्हणाली, हिला पण कन्नडचा तास आहे वाटतं. हसू की रडू कळेना. आता वहीच्या पाठपानावर ती स्वतःच चौकटी पाडून काढालीय, एक गोगलगाय आहे, शंखात बसते, आणि शंखाबाहेर फुगा, त्यात फक्त 'ओदम्मा' (कन्नडात 'वाच गं') लिहिलंय. टीचर म्हणतात तसं. पाचव्या चौकटीपर्यंत गोगलगाय काही बाहेर आलेली नाही. मी काही विचारलं नाही.

टीचर पहिल्यांदा जरा फुरंगटल्या, पण ओळ आदल्या दिवशी कळवतात. दोनदा बसून वाचलं, एकदा नाही म्हणाली. पोट अजून दुखतंय, रोज नाही. गट्स मी वाचलं, कपाटात वर ठेवलंय, चौथीत देईन.

आणि सर, तुम्ही म्हणालात तो बाहेरचा प्रेमळ माणूस, तो तिनंच शोधला. रिक्षावाले मामा. घरी कन्नडच बोलतात. काल सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मागं बसून स्टेपलवालं पुस्तक वाचून दाखवलं म्हणे, आणि मामांनी सिग्नल सुटला तरी रिक्षा काढली नाही, मागचे हॉर्न मारत बसले.

आउलीचा दुसरा भाग कुणाकडं सेकंडहँड आहे काय? शहापूर, अनगोळ, कुठंही येऊन घेऊन जाईन.