जमीन नव्हती तरी नोंद सापडू शकते

पूर्वजांची जुनी नोंद शोधताना, खापरपणजोबा मजूर होते, नावावर जमीन नाही, म्हणजे कागद मिळणारच नाही असं एकाने म्हटलंय. सातबाऱ्यापुरतं पटतं, पण जन्ममृत्यूची नोंद जमीन बघून होत नव्हती. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक मागा, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना १४. आमचे खापरपणजोबा ठाण्याजवळ मिठागरावर मजुरीला जायचे एवढंच आजी सांगायची. तिथल्या बाडात त्यांच्या मुलीच्या मृत्यूची एक ओळ सापडली, बापाचं नाव, जात, आणि कारण नुसतं 'ताप'. आडनाव लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे आडनावावर अडून बसू नका, माणसाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव धरून शोधा.

आणि जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत असतात, शब्द न तोडता ओळ सलग जाते, तेव्हा मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्याच, मी पहिल्यांदा एकटाच गेलो तर हीच ओळ नजरेखालून निसटली होती. पान उलटताना कडा हातात येते इतका कागद जीर्ण झालाय, परवानगी घेऊन फोटो काढून ठेवा. ती मुलगी आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हती.