मदत हवी आहे: पन्नासपर्यंत अंक पाठ, पण सात चिंचोके मोजून देता येत नाहीत

लेक साडेचार वर्षांची. एक ते पन्नास घडाघडा म्हणते, पण "सात चिंचोके दे" म्हटलं की सरळ मूठभर उचलून देते. मोजताना बोट पुढे पळतं, तोंड मागे राहतं. "मग किती झाले?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू! मोजलेला चिंचोका वाटीत टाकायला लावला की पाचपर्यंत जमतं. सापशिडीत फाशावरचे चार ठिपके न मोजताच ओळखते, सोंगटी मात्र ती ज्या घरात उभी आहे, त्या घरालाच 'एक' धरून मोजते. आजोबांना पाढे हवेत, शाळेला अंक गिरवून हवेत. मला तरी दोन्हीची घाई वाटत नाही. पाचच्या पुढे कसं न्यावं? ताटं मांडताना, पोळ्या वाढताना कुणी शिकवलंय का? अ‍ॅप नको, घरातलंच काहीतरी सुचवा.