कामगार वस्तीतलं फुटबॉलवेड : अनुभव धागा

कारखान्यांच्या शहरात वाढणाऱ्या पंधरा-सोळाच्या पोरापोरींकडे खेळाचं वेड भरपूर असतं, पैसे बेताचे. त्यांच्या कामी येईल असं, स्वतः करून पाहिलेलं लिहा. आठवणी नकोत, माहिती हवी.

*

बॉलपासून सुरुवात करतो. पाच नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवा ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे काट्यावर साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. काँक्रीटवर खेळत असाल तर खालच्या आकड्याजवळ राहा. गच्च भरलेल्या बॉलची शिवण ताणली जाते आणि हळूहळू तो वाकडा होतो.

बॉलचा जीव लाथांपेक्षा सुई जास्त घेते. कोरडी सुई खुपसली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावा आणि सरळ आत घाला, तिरकी नको. खनिज तेल लावू नका, त्याने रबर फुगतं. तरीही हवा जात असेल तर बॉल साबणाच्या पाण्यात बुडवा. बुडबुडे व्हॉल्व्हमधून आले तर आत ग्लिसरीनचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. शिवणीतून आले तर ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची रबरी पिशवी, गेलं समजा. हातशिलाईच्या बॉलचे चार-पाच टाके उसवून सायकलच्या ट्यूबला मारतात तसं पॅच मारता येतं: रबर घासा, सोल्यूशन लावा, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच लवकरच सुटतो. बहुतेकांची घाई इथेच नडते. पॅनेल (बाहेरचे तुकडे) शिवलेली नसून नुसतीच चिकटवलेली असतील तर बॉल उघडायच्या फंदात पडू नका.

*

वर लिहिलंय त्यात एक भर. लॅटेक्सच्या ब्लॅडरमधून पंक्चर नसतानाही हवा उतरते, खेळण्याआधी दर वेळी भरावी लागते. ब्युटिल या दुसऱ्या रबराच्या ब्लॅडरमध्ये ती बरेच दिवस टिकते. उगाच टाके उसवण्याआधी हे पाहा.

*

बॅनर करणाऱ्यांसाठी. जुनी सुती चादर उत्तम. तीस मीटरवरून वाचता यायला अक्षर निदान २५ सेंटीमीटर उंच हवं आणि रेघ त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी जाड. आधी खडूने आखा, तेही मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे. डावीकडून सुरू केलं की शेवटची अक्षरं कोंबावी लागतात. देवनागरीत वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडायची असते, ती हमखास विसरली जाते. ऑइलपेंट नको, घडीवर तडकतो. कापडाचा रंग पातळ करून दोन हात द्या आणि बॅनर घडी न घालता गुंडाळून ठेवा. काठीला सुतळीने बांधण्यापेक्षा कडेला खोळ शिवा. मैदानात काठी नेऊ देतात का, हे मात्र आधी विचारा.

*

कामगार आणि फुटबॉल हे नातं जुनं आहे, म्हणून थोडक्यात. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगार शनिवारी दुपारी दोनला सुटू लागले. पुढे इतरांनाही अर्धी सुट्टी मिळत गेली आणि मॅचची तीनची वेळ रूढ झाली. मैदानात दिवे नसल्याने हिवाळ्यात याहून उशीर करणं शक्यच नव्हतं. मँचेस्टर युनायटेड हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी उभा केला, आर्सेनल १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी. वेस्ट हॅमच्या चिन्हावरचे हातोडे टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचे.

*

ऑफसाइडवरून भांडणाऱ्यांनी 'शेवटचा डिफेंडर' हे शब्द सोडून द्यावेत. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, पास सुटताना चेंडूच्या आणि एका ठरावीक रेषेच्या पुढे असलेला खेळाडू ऑफसाइड. ती रेषा गोलकडून मोजता शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याची असते (१९२५ पर्यंत तिसऱ्याची होती). गोलकीपर बहुधा मागे असतो म्हणून हा फरक लक्षात येत नाही. कीपर पुढे गेला आणि मागे एकच डिफेंडर उरला, तर चेंडूच्या पुढे जाऊन त्या डिफेंडरच्या रेषेत थांबलेला फॉरवर्ड ऑफसाइड. शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत असलेला मात्र ऑनसाइड, १९९० पासून. कोण पुढे हे पाहताना हात मोजत नाहीत. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवर ऑफसाइड नाहीच.

गोलमागच्या स्टँडमधून ऑफसाइड कळत नाही, तिथे बसून शिट्ट्या मारण्यात अर्थ नाही. तिथून दिसतात त्या डिफेंडरांमधल्या फटी, त्या पाहा. बाजूने पाहत असाल तर पास सुटायच्या क्षणी नजर पास देणाऱ्यावर नको, बचावाच्या रेषेवर हवी. पायाकडून नजर वळेपर्यंत पळणारा एक-दोन पावलं पुढे गेलेला असतो आणि ऑनसाइड असलेला माणूसही ऑफसाइड वाटतो.