शिजवलेला टोमॅटो आणि फेजोआ : पोषणमूल्य कोणाचे अधिक?

जिज्ञासू (मूळ मत)

दक्षिण ब्राझील व उरुग्वे हे मूळ स्थान असलेले आणि आता न्यूझीलंड, कोलंबिया, जॉर्जिया येथेही पिकवले जाणारे फेजोआ हे पेरूच्या कुळातील हिरवे फळ शिजवलेल्या टोमॅटोपेक्षा निश्चितपणे अधिक पोषक आहे, असे माझे मत आहे. अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम फेजोआच्या गरात सुमारे ६.४ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ३३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; तेवढ्याच शिजवलेल्या टोमॅटोत हे प्रमाण ०.७ ग्रॅम आणि २३ मिलिग्रॅम इतकेच भरते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस करते, आणि त्याचा चौथा हिस्सा दोन-तीन फळांत मिळतो. फोलेट या ब जीवनसत्त्वामध्येही फेजोआच पुढे आहे.

तराजू

वजनाला वजन लावून केलेली ही तुलना दिशाभूल करणारी आहे. शिजवलेल्या टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते, फेजोआत ८३ टक्के. साहजिकच पहिल्यात १८ किलोकॅलरी, तर दुसऱ्यात सुमारे ६० आढळतात. प्रत्येक १०० किलोकॅलरीमागे हिशेब केला, तर टोमॅटोतून क जीवनसत्त्व १२५ मिलिग्रॅमच्या वर जाते आणि फेजोआतून जेमतेम ५५ मिळते. पोटॅशियमचा फरक तर चौपटीहून अधिक आहे. शिवाय टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या लायकोपीनचा उल्लेखच मूळ मतात नाही! टोमॅटोत ते १०० ग्रॅममागे तीन मिलिग्रॅमच्या आसपास असते, फेजोआत नगण्य.

जिज्ञासू

उष्मांकांचा हिशेब कागदावर शोभतो. १०० किलोकॅलरी मिळवण्यासाठी अर्धा किलोहून अधिक शिजवलेला टोमॅटो एका बैठकीत कोण खाणार? आणि हाच निकष मान्य केला, तरी तंतूंच्या बाबतीत फेजोआ दहा ग्रॅमवर आणि टोमॅटो चारवर थांबतो, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. लायकोपीनविषयी सांगायचे तर ते अत्यावश्यक पोषकद्रव्य नाही. क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो, लायकोपीनच्या अभावाने होणारा असा कोणताही आजार वैद्यकशास्त्रात नोंदलेला नाही.

मंदाग्नी

अत्यावश्यक नाही म्हणून निरुपयोगी, हे तर्कशास्त्र मला पटत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोमॅटो ८८ अंश सेल्सिअसला तापवले असता, अर्ध्या तासात क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटले, परंतु मोजता येणारे लायकोपीन अडीच पटींहून अधिक झाले. उष्णतेने ते नव्याने निर्माण होत नाही. पेशींच्या भित्तिका सैल होऊन आत अडकलेले बाहेर येते, आणि सोबत तेल असेल तर आतड्यात अधिक शोषले जाते. त्यामुळे शिजवण्याकडे केवळ नुकसान म्हणून पाहू नये. बीटा-कॅरोटीनही टोमॅटोतच आहे, आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. हे फेजोआकडून जवळपास मिळतच नाही.

तराजू

यात आणखी एक प्रश्न आहे : किती शिजवलेला टोमॅटो? तो घट्ट होईपर्यंत आटवला की पाणी उडते आणि आकडे पार बदलतात. त्याच तक्त्यांत टोमॅटो पेस्टमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ४ ग्रॅम तंतू, एक ग्रॅम पोटॅशियम आणि २८ मिलिग्रॅमहून अधिक लायकोपीन आहे. मूळ मतातील ०.७ हा आकडा पाणीदार शिजवणीचा आहे.

जिज्ञासू

पेस्टमध्येही तंतू ४ ग्रॅमच आहेत, ६.४ नव्हेत. शिवाय पेस्ट चमचा-दोन चमचे वापरली जाते, तर फेजोआ अर्धे कापून चमच्याने थेट खाल्ले जाते. उष्णता न लागल्याने त्यातले क जीवनसत्त्व शिजवण्यात घटत नाही. प्रत्यक्षात एका वेळी जेवढे खाल्ले जाते तेवढ्याचीच तुलना करावी, ही माझी मागणी कायम आहे.