कार एसीवाला कोणी ओळखीचा आहे का? (आपल्या सोसायटीचा ग्रुप, जळगाव)

बी-२०३: मंडळी, काल धुळ्याहून लेकीला आखाजीला आणत होतो. पारोळा सोडलं आणि एरंडोलच्या अलीकडे बोनेटमधून डुक्कर किंचाळावं तसा आवाज, मग जळक्या रबराचा वास. एसी बंद केला तर आवाजही बंद. गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेसर जाम, नवीन टाका, २१ हजार. गाडी २००९ ची आहे हो!

सी-१०१ वहिनी: बापरे. नातू होता ना सोबत?

बी-२०३: तो मजेत. ओला टॉवेल त्याच्यावर, शिजलो आम्ही.

ए-४०२: बेल्टला साबण लावा, आवाज जातो.

आप्पा (ए-१०२): साबन आंग धोवाले राहू दे. भाऊ, मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो. आमच्या लाल डब्याला एसी नव्हता हे मान्य, पण पुली ती पुलीच. एसी बंद असताना पुली नुसती फिरते. बटण दाबलं की क्लचचं मॅग्नेट पुढची प्लेट खेचून पुलीला चिकटवतं, तेव्हा आतला शाफ्ट फिरतो. तो फिरेना म्हणून पट्टा घसरून जळाला. इंजिन बंद कर, किल्ली खिशात ठेव आणि ती पुढची प्लेट हाताने फिरवून बघ. जड का होईना, फिरली तर कॉम्प्रेसरला लगेच मेलेला समजू नको.

बी-२०३: पाहिलं आप्पा. दोन्ही हातांनी जोर लावला, ढिम्म. पुली मात्र मोकळी.

आप्पा: मग गेला. गॅस कधी भरला होता?

बी-२०३: दर पाडव्याला भरतो. तीन वर्षं झाली.

आप्पा: इथेच माती खाल्ली. गॅस म्हणजे पेट्रोल नाही जळून संपायला. दरवर्षी कमी होतो म्हणजे गळतो. आणि कॉम्प्रेसरचं तेल त्या गॅसबरोबरच पाइपांतून फिरतं, गळतीतून तेही जातं. तू गॅस भरत गेलास, तेल कोणी बघितलंच नाही. पाइपाच्या एखाद्या जोडावर तेलकट धूळ बसलीय का बघ.

बी-२०३: आहे! रेडिएटरपुढच्या जाळीच्या, म्हणजे कंडेन्सरच्या, खालच्या जोडाला. मी इतके दिवस डांबर समजत होतो.

डी-३०५ ताई: आमच्या जुन्या गाडीचं सांगते. नुसता कॉम्प्रेसर बदलला, दोन महिन्यांत तोही जाम. दुसऱ्या मिस्त्रीने पाइप उघडून पांढऱ्या फडक्यावर तेल टिपलं. करडं तेल, आणि फडकं उन्हात धरलं तर जरीसारखी चमक. पहिल्याचा चुरा सगळ्या लाइनीत फिरत होता.

आप्पा: तेच म्हणतोय. चमक दिसली तर लाइन फ्लश म्हणजे आतून धुवायची, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) नवा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) नवा. कंडेन्सरही बदललेला बरा, त्याच्या बारीक नळ्यांतून चुरा नीट निघत नाही. मग तेल मोजून, अर्धा तास तरी पंपाने आतली हवा खेचून व्हॅक्यूम, तो टिकला तरच गॅस, तोही बोनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढेच ग्रॅम. २१ हजारात यातलं काय काय आहे, लिहून घे. आणि घरी पाइप ढिला करून बघू नको, आत प्रेशर असतं.

बी-२०३: विचारलं. फक्त कॉम्प्रेसर आणि गॅस. बाकी धरून ३४.

ए-४०२: त्यात घराला चार कूलर येतील.

आप्पा: आज प्रथमच बरोबर बोललास. भाऊ, घाई नसेल तर क्लचचं सॉकेट काढून टेप मार, म्हणजे सवयीने बटण दाबलं तरी काही होणार नाही. पट्टा मात्र आजच बदल. त्याच पट्ट्यावर डायनामो आणि पाण्याचा पंप असेल तर तो तुटल्यावर बॅटरी चार्ज होत नाही, इंजिन तापतं. पुली घरघरायला लागली तर तेव्हा टाळाटाळ नको, बेअरिंग बसलं की पट्टा जातोच.

बी-२०३: सॉकेट काढलं, पट्टा नवा टाकला. लेकीला सोडायला पहाटे पाचला निघू, एसीचं दिवाळीनंतर बघू. आप्पा, हिने खापरावरचे मांडे केलेत, संध्याकाळी या.

आप्पा: रस आहे ना? आणि साबणवाल्यालाही बोलाव.