धपाटे आणि सिंगापूरची मेट्रो

कुणाची तरी ठेच्याची बाटली विमानतळावर काढून घेतल्याचा किस्सा वाचला अन् आमच्या आईची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. (ठेचा, लोणचं, तूप सगळं द्रवातच धरतात, परदेशी जाताना बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही. धपाटे मात्र खुशाल न्या.)

आम्ही परभणीचे. सिंगापूरला निघताना आईनं ज्वारीचे धपाटे सुती फडक्यात बांधून घेतले. दुसऱ्या दिवशी मेट्रोत भूक लागली तसं तिनं गाठोडं सोडलं. लसणाचा वास अख्ख्या डब्यात! समोरच्या पोरीनं हळूच पाटीकडे बोट दाखवलं: खाल्लं तर ५०० डॉलरपर्यंत दंड. आईला वाटलं, लेकरू धपाटं मागतंय. अर्धं मोडून तिच्या हातावर ठेवलं, “घे माय, लाजू नको.”

मी पाटी वाचून दाखवली तशी आई घाबरली, गाठोडं पदराखाली गेलं. पण त्या पोरीनं धपाटं परत केलं नाही. कागदी रुमालात गुंडाळलं, पुढच्या स्टेशनला आमच्यासोबत उतरली अन् गेटबाहेर येऊन खाल्लं. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी एक तुकडा मागून घेतला. आई अजून विचारते, “त्या लेकीचा पत्ता घ्यायचा राहिलाच का रे?”