फजचे नियम: साधे फासे चालतील का?

सोंगटी: मराठीत रोलप्लेइंग (पात्रं बनून गोष्ट खेळण्याची) मोहीम लिहितेय, पुढे छापायचीही आहे. फज (Fudge) या रोलप्लेइंग खेळाचे नियम घ्यावेत म्हणते, पण अधिक-उणे चिन्हांचे फासे कुठून आणू?

कवडी: वेगळे फासे नकोतच. नेहमीचे चार टाका: १-२ उणे (−१), ३-४ कोरे (०), ५-६ अधिक (+१). बेरीज कौशल्याच्या पातळीत मिळवा. ८१ पैकी ५१ शक्यता −१ ते +१ मध्येच पडतात, म्हणून कामाचं काठिण्य (गाठायचा आकडा) जपून ठरवा. +१ कौशल्यासमोर +४ ठेवलंत तर ८१ पैकी ५ वेळाच जमेल. खेळाडू कंटाळून मोबाइल काढतील.

दुडी: फज १९९२ पासून यूझनेटवर (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर) लोकांच्या सूचनांतून घडलं. त्यात कौशल्यांची पक्की यादी नाही, ती तुम्हीच करायची. पंधरा-वीसवर थांबा, नाहीतर ‘चढणं’ की ‘कसरत’ यावरच डाव अडतो. छापताना ओपन गेम लायसन्सचा, म्हणजे ज्या परवान्याखाली फजचे नियम खुले आहेत त्याचा, अख्खा मजकूर जोडा. त्याच्या कलम १५ मध्ये मूळ हक्कनोंदींखाली तुमच्या पुस्तकाचं नाव, साल, हक्कधारक लिहा. नेमकं हेच राहून जातं.

सोंगटी: भाषांतर केलेले नियमही खुलेच राहणार?

दुडी: हो, लायसन्स भाषांतरालाही लागू आहे. कथा आणि पात्रं मात्र राखीव ठेवता येतात. तसं पुस्तकात स्पष्ट लिहा.